कादंबरीचं विश्लेषण: कोणत्या क्रमानं वाचायचं, काय टिपायचं, कसं लिहायचं

उच्च माध्यमिक पातळीवर कादंबरीवर लिहिलेले निबंध तपासताना एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. विद्यार्थ्यानं पुस्तक वाचलेलं असतं, कथानक त्याला पाठ असतं, भाषाही बरी असते, पण काम उलट्या क्रमानं झालेलं असतं. कादंबरी कशाबद्दल आहे हे आधी कुणाकडून तरी ऐकलं, त्यावरून मत ठरवलं आणि लिहायला बसल्यावर त्या मताला जुळतील अशी चार वाक्यं पुस्तकातून शोधून काढली. असा निबंध ओळखायला वेळ लागत नाही. त्यातली अवतरणं पहिल्या दोन प्रकरणांतली नाहीतर शेवटच्या प्रकरणातली असतात. मधलं सगळं पुस्तक कुठे गेलं, हा प्रश्न पडतो.

हुशार मुलांच्या हातूनही हे होतं, कारण क्रम त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. तो क्रम खाली टप्प्याटप्प्यानं दिला आहे. टप्पे गाळू नका आणि पुढेमागेही करू नका.

आधी अपेक्षा समजून घ्या

तुमचा वाचक कादंबरी वाचलेला आहे असं धरून चाला. त्याला कथा सांगायची गरज नाही. पुस्तक चांगलं आहे हेही त्याला पटवायचं नाही. ही गोष्ट अशाच पद्धतीनं का सांगितली आहे आणि त्या सांगण्यातून कोणता अर्थ तयार होतो, एवढं त्याला तुमच्याकडून हवं असतं. त्यासाठी तुमचं स्वतःचं एक विधान लागतं, त्या विधानाला पुस्तकातला पुरावा लागतो, आणि जिथे पुस्तक तुमच्या विधानाला विरोध करतं त्या जागांना तोंड देण्याची तयारी लागते. चांगला निबंध आणि उत्तम निबंध यांत फरक पडतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या गोष्टीनं.

टप्पा १: तयारी

एकच आवृत्ती ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. आवृत्ती बदलली की पृष्ठ क्रमांक बदलतात आणि नोंदवलेली वाक्यं सापडेनाशी होतात. वहीच्या पहिल्या पानावर प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष लिहून ठेवा. संक्षिप्त आवृत्ती अजिबात नको. त्यात कात्री लागते ती वर्णनांना आणि मनातल्या घालमेलीला, आणि विश्लेषणाला नेमकं तेच लागतं. अनुवादित कादंबरी असेल तर अनुवादकाचं नावही नोंदवा. शब्दांच्या निवडीबद्दल किंवा वाक्यांच्या लयीबद्दल तुम्ही जे म्हणाल ते अनुवादाच्या भाषेबद्दल असेल, हे लिहिताना विसरू नका.

वेळेचा अंदाज मनानं बांधू नका, मोजून काढा. वीस मिनिटं आपल्या नेहमीच्या वेगानं वाचा आणि पानं मोजा. १० पानं झाली, तर ३०० पानांच्या कादंबरीला दहा तास लागणार. दुसऱ्या वाचनाला त्याच्या निम्मा वेळ धरा, आणि नोंदी व लेखन यांसाठी मिळून पहिल्या वाचनाइतका वेळ ठेवा. म्हणजे दहा तासांच्या पुस्तकाला एकूण पंचवीस तास. हा हिशेब सुरुवातीलाच डोळ्यांसमोर असला की शेवटच्या दोन रात्रींत सगळं उरकण्याची वेळ येत नाही.

खुणांसाठी पेन्सिल घ्या. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर चिकट चिठ्ठ्या वापरा. चार खुणा पुरतात: थबकायला लावणाऱ्या जागेला उद्गारचिन्ह, न कळलेल्या जागेला प्रश्नचिन्ह, आधी येऊन गेलेली गोष्ट पुन्हा आली की गोल, आणि काहीतरी बदललं की बाण. प्रत्येक खुणेशेजारी दोन-तीन शब्द लिहा.

इशारा: रंगीत हायलाइटरनं परिच्छेदच्या परिच्छेद रंगवू नका. महिन्याभरानं उघडल्यावर ती ओळ का रंगवली होती हे आठवत नाही, आणि अर्धं पान पिवळं असेल तर त्या रंगाला काही अर्थच उरत नाही.

प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर, परीक्षणं, मार्गदर्शक पुस्तिका, इंटरनेटवरचे सारांश हे सगळं सातव्या टप्प्यापर्यंत बाजूला ठेवा. कादंबरीवर चित्रपट निघाला असेल तर तोही आत्ता पाहू नका. चित्रपटात प्रसंग गाळले जातात, शेवट बदलले जातात, आणि एकदा डोळ्यांत बसलेला पात्राचा चेहरा पुस्तकातल्या वर्णनावर कुरघोडी करतो.

टप्पा २: पहिलं वाचन

या वाचनात विश्लेषण करायचं नाही. कथेत शिरायचं, खुणा करत पुढे जायचं. प्रत्येक अनोळखी शब्दासाठी कोश उघडू नका. संदर्भानं अर्थ लागत असेल तर पुढे चला, आणि तोच शब्द पुन्हा आडवा आला तर मग पाहा.

एका बैठकीत निदान ४० पानं वाचा. रोज पाच-पाच पानांनी वाचलेल्या कादंबरीची चालच हाताला लागत नाही. बैठक संपली की पुस्तक मिटा आणि वहीत तीन ओळी लिहा: काय घडलं, काय खटकलं, आणि पुढे काय होईल असं वाटतं.

तिसरी ओळ विद्यार्थी हटकून गाळतात. ती सगळ्यांत मोलाची आहे. तुमच्या मनात अपेक्षा कशी तयार झाली, कोणत्या सूचनांमुळे झाली आणि लेखकानं ती कुठे मोडली, यांचा पुरावा फक्त पहिल्या वाचनातच हाती येतो. शेवट एकदा कळला की तो अंदाज पुन्हा करता येत नाही, आणि नंतर 'मला आधीपासूनच असं वाटत होतं' असा आपलाच गैरसमज होतो.

तपासणी: पुस्तक न उघडता कथानक दहा ओळींत लिहा, शेवटासकट. मधला एखादा भाग पुसट वाटला तर तेवढी प्रकरणं पुन्हा वाचा. हे दहा ओळींचं कथानक निबंधात जाणार नाही. ते वहीतच राहणार आहे.

टप्पा ३: प्रकरणांचा तक्ता

एका मोठ्या कागदावर पाच रकाने आखा: प्रकरण, पानांची संख्या, कथेतला काळ, कोण सांगतंय, आणि काय बदललं. प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ. काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून बरेच जण टाळतात. पण निबंधाची निम्मी सामग्री या कागदावरच सापडते.

तक्ता पूर्ण झाला की दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून पाहा. दहा वर्षं दोन ओळींत संपली आणि एक दुपार ३० पानं चालली, असं कुठे झालं आहे का? लेखक जिथे रेंगाळतो तिथे त्याला काहीतरी दाखवायचं असतं. जिथे घाईनं पुढे सरकतो तिथे काहीतरी झाकलं जात असू शकतं. घटना घडल्या तो क्रम आणि सांगितल्या तो क्रम, यांतही तफावत शोधा. एखादी जुनी गोष्ट विसाव्या पानावर सांगता आली असती, ती दोनशेव्या पानावर का आली? तोपर्यंत वाचकानं त्या पात्राबद्दल काय ग्रह करून घेतला होता?

मग न दाखवलेल्या प्रसंगांची वेगळी यादी करा. मोठं भांडण, मृत्यू, निरोप यांपैकी काय थेट दाखवलं आहे आणि कशाची नुसती बातमी कानावर येते? गाळलेला प्रसंग हीसुद्धा लेखकानं केलेली निवडच असते.

स्थळाची नोंद याच कागदाच्या कडेला करा. विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीचा मोठा भाग युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजावर घडतो. अशा ठिकाणी माणसं एकमेकांपासून दूर जाऊ शकत नाहीत आणि प्रवास संपणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्थळ बदललं तर ही कथा उभीच राहणार नाही, असं म्हणता आलं की स्थळाबद्दल लिहिण्याजोगं काहीतरी हाती आलं असं समजा. नाहीतर 'वातावरणनिर्मिती प्रभावी आहे' एवढंच वाक्य उरतं, आणि ते कुठल्याही कादंबरीला चिकटवता येतं.

टप्पा ४: कोण सांगतंय हे ठरवा

सर्वांत जास्त गोंधळ या टप्प्यावर होतो. निवेदक, म्हणजे पुस्तकात कथा सांगणारा, आणि लेखक एक नव्हेत. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधला 'मी' म्हणजे पांडुरंग सांगवीकर. पांडुरंगाच्या एखाद्या मतापुढे 'नेमाडे म्हणतात' असं लिहिलं की तिथून पुढचा सगळा युक्तिवाद घसरतो. लेखकानं हे पात्र घडवलं आहे, त्याच्या तोंडी ही मतं घातली आहेत, आणि त्या मतांकडे वाचकानं कसं पाहावं हे ठरवण्याची साधनंही पुस्तकातच ठेवली आहेत.

प्रथमपुरुषी निवेदन असेल तर त्यात दोन 'मी' असतात: ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो, आणि नंतर बसून सांगणारा तो. दोघांच्या वयात किती अंतर आहे? सांगणाऱ्याला जे ठाऊक आहे ते तो त्या वेळच्या 'मी'च्या तोंडी घालतो का? तो आपली बाजू मांडतोय, कबुली देतोय की कुणाला तरी पटवतोय? अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'अविश्वसनीय निवेदक', म्हणजे ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही असा निवेदक, ही संज्ञा रूढ केली. ती वापरायची असेल तर निवेदकाच्या म्हणण्यात आणि पुस्तकातल्या घटनांत नेमकी विसंगती कुठे आहे, ते पानासकट दाखवावं लागतं. निवेदक आपल्याला आवडत नाही एवढ्यावरून तो अविश्वसनीय ठरत नाही.

निवेदक अनेक असतील तर काम वाढतं, पण हाती लागणारंही जास्त असतं. वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति' (१९५९) मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं बोलतात. अशा कादंबरीत एखादा प्रसंग दोघांच्या तोंडून आला असेल तर ते दोन उतारे शेजारी शेजारी ठेवा. एकानं काय सांगितलं आणि दुसऱ्यानं काय गाळलं, यातूनच विश्लेषण सुरू होतं. आणि कुणाला बोलायला मिळालेलंच नाही, तेही पाहा.

तृतीयपुरुषी निवेदनात आधी मर्यादा शोधा. निवेदक सगळ्यांच्या मनात शिरतो, एकाच्याच शिरतो की कुणाच्याच नाही? मराठी कादंबरी वाचताना आणखी तीन गोष्टी पाहायला हव्यात, आणि त्या फार कमी जण पाहतात.

एक, निवेदक कुणाला 'तो' म्हणतो आणि कुणाला 'ते'? आदरार्थी रूपांची ही वाटणी निवेदक कुणाच्या बाजूनं उभा आहे हे सांगते. एखाद्या पात्राचा 'ते' मध्येच 'तो' झाला तर त्या पानावर मोठी खूण करा.

दोन, पात्रं एकमेकांना 'तू' म्हणतात, 'तुम्ही' की 'आपण', आणि हे कुठे बदलतं? दोन माणसांतलं नातं तुटल्याचं किंवा जुळल्याचं लेखक कधी कधी याखेरीज दुसरीकडे कुठेच सांगत नाही.

तीन, निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, असं आहे का? असेल तर बोली कुणाकुणाला दिली आहे? की निवेदनच बोलीत आहे? पात्राची बोली निवेदकाच्या वाक्यात अवतरणचिन्हांशिवाय झिरपत असेल, तर त्या वाक्यापुरता निवेदक त्या पात्राच्या डोळ्यांनी पाहतो आहे असं समजा आणि ती जागा टिपून ठेवा.

तपासणी: 'ही कथा … सांगतो, … नंतर, आणि त्याला … ठाऊक नाही.' हे वाक्य तुमच्या कादंबरीसाठी पूर्ण करा. पूर्ण होत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: दुसरं वाचन आणि एका उताऱ्यावर थांबणं

दुसऱ्यांदा सगळं पुस्तक सारख्या वेगानं वाचायचं नाही. जिथे खुणा आहेत तिथे थांबा, मधलं भरभर चाळा. त्यातून पाच-सहा उतारे निवडा. सुरुवातीचा एक, शेवटचा एक, आणि उरलेले मधल्या भागातले. प्रत्येक उतारा हातानं वहीत उतरवून घ्या. डोळ्यांतून निसटलेला शब्द हाताच्या तावडीतून सुटत नाही.

हे काम कसं करायचं ते दाखवण्यासाठी पुढचा छोटा उतारा याच लेखासाठी रचला आहे:

*आक्का दाराशी आली तेव्हा पत्र टेबलावरच होतं. तिनं ते उचललं, पाकिटाच्या कडा सरळ केल्या आणि परत तिथंच ठेवलं. मग तिनं टेबल पुसलं. पत्राच्या भोवतीनं पुसलं. संध्याकाळी दिनकर आला आणि म्हणाला, 'टेबल छान दिसतंय.' आक्का म्हणाली, 'हो, आज वेळ होता.'*

बहुतेक जण इथे लिहितात: 'आक्काला पत्र उघडायची भीती वाटते. यातून तिच्या मनाची घालमेल प्रभावीपणे व्यक्त होते.' पहिलं वाक्य पटण्याजोगं आहे, पण ते निष्कर्ष आहे. तो कुठून आला ते सांगितलेलं नाही. दुसऱ्या वाक्यात काहीच नाही.

आता हळू वाचा. 'भीती' हा शब्द उताऱ्यात कुठेही नाही. निवेदक आक्काच्या मनात शिरतच नाही, फक्त हातांकडे पाहतो: उचललं, सरळ केल्या, ठेवलं, पुसलं. चार कृती, आणि त्यांत पत्र उघडण्याची कृती नाही. 'टेबल पुसलं' असं सांगून झाल्यावर 'पत्राच्या भोवतीनं पुसलं' हे वाक्य पुन्हा येतं, म्हणजे निवेदक तिथे थबकतो आणि वाचकालाही थांबवतो. पत्र उचलून टेबल पुसता आलं असतं; मघाशी तिनं ते उचललंही होतं. म्हणजे आता तिनं पत्राला त्याची जागा देऊन टाकली आहे. दिनकरला टेबल दिसतं, पत्र दिसत नाही, किंवा दिसूनही तो बोलत नाही. कोणतं खरं हे उतारा सांगत नाही, आणि प्रामाणिक विश्लेषणात ही दुसरी शक्यता मांडलीच पाहिजे. आक्काचं उत्तर खरं आहे, पण पूर्ण नाही. तिला वेळ होता. पत्र वाचण्याइतका होता, आणि तो तिनं पुसण्यात घालवला.

'पत्राच्या भोवतीनं पुसलं' हे वाक्य काढून उतारा पुन्हा वाचा. प्रसंग तोच राहतो, पण आक्का नुसती कामसू बाई वाटते. एखादा शब्द किंवा वाक्य काढून पाहणं ही बारकाईनं वाचण्याची सगळ्यांत भरवशाची युक्ती आहे. शब्द काढून काहीच बिघडत नसेल तर त्यावर परिच्छेद लिहू नका.

इशारा: लगेच प्रतीकाकडे धाव घेऊ नका. 'पत्र हे भूतकाळाचं प्रतीक आहे' असं म्हणायचं असेल तर पत्र, पाकीट, न वाचलेला कागद कादंबरीत आणखी कुठे येतात ते दाखवावं लागेल. एकदाच आलेली वस्तू बहुधा वस्तूच असते. ती वारंवार येत असेल आणि दर वेळी थोड्या वेगळ्या संदर्भात येत असेल, तर तिच्याबद्दल बोलता येतं. गोल खूण ठेवायची ती याचसाठी.

टप्पा ६: पात्रं

'प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी' अशी विशेषणांची माळ ओवण्याची सवय लहान इयत्तांतल्या स्वभावचित्रणापासून लागलेली असते. ती इथे सोडावी लागते. विशेषण पात्राला एका जागी खिळवतं, आणि कादंबरीत पात्र सरकत असतं.

प्रत्येक मुख्य पात्रासाठी तीन ओळी पुरतात: त्याला काय हवं आहे, ते मिळण्याच्या आड काय येतं, आणि तो स्वतःबद्दल जे बोलतो आणि जसं वागतो त्यांत फरक कुठे आहे. तिसऱ्या ओळीत विसंगती सापडली तर ती लपवू नका. लिहिण्याजोगं बहुधा तिथेच असतं.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांची सपाट आणि गोल अशी विभागणी मांडली. पटेल अशा रीतीनं चकित करण्याची क्षमता पात्रात आहे का, ही त्यांची कसोटी: असेल तर पात्र गोल, नसेल तर सपाट. सपाट असणं हा दोष नव्हे. सगळीच पात्रं गोल असतील तर कादंबरी चालणार नाही. गौण पात्र सपाट ठेवल्यामुळे मुख्य पात्राचा कोणता पैलू उठून दिसतो, हा प्रश्न विचारा.

पात्राचा न्यायनिवाडा करू नका. 'तिनं घर सोडायला नको होतं' हे मत झालं. तिनं घर सोडलं तेव्हा कादंबरी कुणाच्या शेजारी उभी आहे, वाचकाला कुणाच्या नजरेतून ते दार दिसतं, हे शोधलं की विश्लेषण होतं.

टप्पा ७: विषयापासून विधानापर्यंत

'एकटेपणा', 'स्त्रीचं दुःख', 'पिढ्यांमधला संघर्ष' हे विषय झाले. विषय हे नाम असतं. विधान हे पूर्ण वाक्य असतं आणि ते खोडून काढता येण्यासारखं असावं लागतं.

वरच्या उताऱ्याचंच उदाहरण घेऊ. विषय: घरातला अबोला. पहिला प्रयत्न: 'कादंबरीत घरातला अबोला दाखवला आहे.' याला कोण विरोध करणार? दुसरा प्रयत्न: 'कुटुंबातली माणसं मनातलं बोलत नाहीत, म्हणून दुरावतात.' हे बरं आहे, पण ते कुठल्याही कुटुंबाबद्दल म्हणता येईल. या पुस्तकाची गरजच नाही. तिसरा: 'आक्का आणि दिनकर यांचा अबोला हा दुरावा नसून दोघांनी मिळून जपलेला करार आहे, निवेदक दोघांच्याही मनात शिरायचं नाकारतो आणि त्यामुळे वाचकही त्या करारात सामील होतो.' आता कुणी तरी म्हणेल, करार नाही, दिनकरचं खरोखरच लक्ष नाही. वाद होऊ शकतो, म्हणजे विधान तयार झालं. त्यात निवेदनाची पद्धतही आली आहे, हे पाहा. फक्त आशयाबद्दलचं विधान अर्धवट राहतं. सांगण्याची रीत त्यात आलीच पाहिजे.

'लेखकानं या कादंबरीतून असा संदेश दिला आहे' हा साचा वापरू नका. बोधकथेतून बोध निघतो. कादंबरीतून बोध काढायला गेलं की तिच्यातली गुंतागुंत आधी सोलून टाकावी लागते.

विधान कागदावर उतरलं की आता प्रस्तावना वाचा, परीक्षणं वाचा. तुमचं म्हणणं तिथे आधीच आलेलं असेल तर श्रेय द्या आणि तुमच्या उताऱ्यांच्या बळावर एक पाऊल पुढे जा. तिथलं म्हणणं तुमच्या विरोधात जात असेल तर अधिक चांगलं. पुढच्या टप्प्याला ते उपयोगी पडेल.

टप्पा ८: पुरावा, आणि विरोधातला पुरावा

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे विधानाला पाठिंबा देणाऱ्या जागा, उजवीकडे विरोध करणाऱ्या, दोन्हीकडे पृष्ठ क्रमांकासकट. उजवी बाजू कोरी राहिली तर विधान फार सोपं आहे किंवा तुम्ही नीट शोधलेलं नाही.

उजवीकडची सर्वांत जड जागा निवडा आणि तिला निबंधात स्थान द्या. तिच्यामुळे विधान बदलावं लागलं तर बदला: 'पूर्वार्धात', 'शेवटच्या प्रकरणापर्यंत', 'आक्काच्या बाजूनं पाहिलं तर' अशा मर्यादा घातल्यानं विधान कमकुवत होत नाही, ते नेमकं होतं.

टप्पा ९: लेखन

प्रास्ताविक लहान ठेवा. लेखकाचा जन्म, पुरस्कार, ग्रंथसंपदा यांची तिथे गरज नाही. कादंबरीचं नाव, लेखक, तुम्हाला पडलेला प्रश्न आणि तुमचं विधान एवढं पाच-सहा ओळींत बसतं.

प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा आणि त्याचा एक-दोन जागांचा पुरावा द्या. अवतरण छोटं घ्या. अनेकदा चार शब्द पुरतात. ते स्वतःच्या वाक्यात गुंफा: 'आक्का पत्र उचलून बाजूला ठेवत नाही, ती "पत्राच्या भोवतीनं" पुसते.' अवतरणानंतर त्यातल्या शब्दांवर बोला. अवतरण दोन ओळींचं आणि त्यावरचं भाष्य एका ओळीचं, असं झालं की परिच्छेद लंगडा पडतो. भाष्य अवतरणाच्या निदान दुप्पट असू द्या.

कादंबरीतल्या घटनांबद्दल वर्तमानकाळात लिहा: आक्का टेबल पुसते, दिनकर घरी येतो. पुस्तक उघडलं की त्या दर वेळी घडतातच. भूतकाळात लिहायला लागलात की नकळत गोष्ट सांगायला सुरुवात होते. 'मग', 'त्यानंतर', 'एके दिवशी' हे शब्द दिसू लागले की थांबा.

'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', 'वाचकाला खिळवून ठेवणारं' हे शब्द शोधून खोडा. संज्ञांचंही तसंच. 'निवेदनतंत्र', 'प्रतिमासृष्टी' असे शब्द लिहिले की काम झालं असं वाटतं, पण त्या शब्दापुढे या कादंबरीतली जागा दाखवलेली नसेल तर ते नुसतं लेबल राहतं.

परीक्षेत तासाभरात लिहायचं असेल तर पहिली दहा मिनिटं आराखड्याला द्या, शेवटची पाच फेरवाचनाला. पुस्तक हाताशी नसेल तर लांब अवतरणं पाठ करण्यापेक्षा वीस-पंचवीस छोटे शब्दसमूह, कोण कुठल्या प्रसंगी म्हणतं त्यासह, लक्षात ठेवा. आणि प्रश्न काय विचारला आहे ते दोनदा वाचा. घरी तयार केलेलं उत्तर वेगळ्याच प्रश्नाखाली उतरवल्यानं जातात तेवढे गुण दुसऱ्या कुठल्याच चुकीनं जात नाहीत.

टप्पा १०: शेवटच्या तपासण्या

निबंध निदान एक दिवस बाजूला ठेवा. मग प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एका कागदावर उतरवा. ती वाक्यं ओळीनं वाचल्यावर कथानक ऐकू आलं तर परिच्छेदांची रचना घटनांच्या क्रमानं झाली आहे. मुद्द्यांच्या क्रमानं ती पुन्हा लावा. युक्तिवाद ऐकू आला तर रचना जमली आहे.

वापरलेल्या जागांचे पृष्ठ क्रमांक तिसऱ्या टप्प्यातल्या तक्त्यावर टिंबांनी दाखवा. सगळी टिंबं वरच्या किंवा खालच्या टोकाला गोळा झाली असतील तर मधल्या भागातला निदान एक उतारा आणा. कादंबरीचं मधलं अंग सांभाळणं लेखकालाही अवघड जातं, आणि तिथे त्यानं काय केलं हे दाखवणारा निबंध तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

शेवटी पुस्तक उघडून प्रत्येक अवतरण शब्दशः ताडून पाहा. अनुस्वार, विरामचिन्हं, पृष्ठ क्रमांक, आणि ते वाक्य नक्की त्याच पात्राच्या तोंडी आहे का, हे सगळं. आठवणीतून लिहिलेल्या अवतरणात एखादा शब्द हमखास बदललेला असतो, आणि तुमचं भाष्य नेमकं त्या शब्दावर असेल तर तो परिच्छेद नव्यानं लिहावा लागतो. त्यासाठी एक मोकळी संध्याकाळ राखून ठेवा.